लाकडी वाडग्यांचे कातकाम

लाकडी वाडग्यांचे कातकाम म्हणजे लेथवर फिरणाऱ्या लाकडी ठोकळ्याला धारदार हत्यार लावून त्यातून वाडगे, ताटली, करंडा यांसारखी पोकळ व गोलाकार वस्तू घडवण्याची क्रिया होय. सुतारकामात सामान्यतः लाकूड स्थिर असते व हत्यार चालते. कातकामात हत्यार जवळजवळ स्थिर असते आणि लाकूड फिरते. फिरणाऱ्या जड ठोकळ्यात साठलेली ऊर्जा हेच या कामातील मुख्य बळ आहे आणि मुख्य धोकाही तोच आहे. त्यामुळे वाडगे कातण्याच्या कौशल्यात यंत्राची सुरक्षित मांडणी, ठोकळ्याची पक्की पकड आणि वेगाची योग्य निवड या तीन गोष्टींना हत्यार चालवण्याइतकेच महत्त्व आहे.

महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत कातकामाला उपयुक्त अशा अनेक जातींचे लाकूड मिळते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या भौगोलिक क्षेत्राचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. बल्लारपूर व आलापल्ली येथील सागवान प्रसिद्ध असून अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातून सागवान पाठवण्यात आले.

## शब्दविचार

‘कातणे’ हे क्रियापद मराठीत सूत आणि लाकूड या दोहोंसाठी वापरले जाते. संस्कृतात ‘कृत्’ या रूपाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे व दुसऱ्याचा अर्थ वेढणे किंवा पीळ देणे असा आहे. लाकूड कातण्यात कापण्याचा अर्थ आहे, तर सूत कातण्यात पीळ देण्याचा. लाकूड कातणाऱ्या कारागिरास ‘कातारी’ म्हणतात. मुंबई इलाख्याच्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये कातारी समाजाची स्वतंत्र नोंद आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘टर्नर’ हा अभ्यासक्रम मात्र धातूच्या कातकामाचा आहे. त्यातील यंत्र, हत्यारे व वेग लाकडाच्या कातकामाहून भिन्न असतात.

## पार्श्वभूमी

लाटणी, रवी, भोवरे, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर व कुंकवाचे करंडे या महाराष्ट्रातील घरोघरच्या वस्तू कातकामातून तयार होत आल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे लाखकाम केलेल्या लाकडी वस्तू व खेळण्यांचे जुने केंद्र आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथेही लाखेची रंगीत खेळणी लेथवरच होतात.

पारंपरिक लेथ हाताने चालत असे. कारागीर जमिनीवर बसे आणि मदतनीस दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढी, किंवा कारागीर स्वतःच धनुकलीने लाकूड फिरवी. लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरत असल्याने हत्यार केवळ एका दिशेच्या फेऱ्यात कापत असे. हत्यार लाकडात अडकले तर दोरी घसरे किंवा ओढणाऱ्याचा हात थांबे. विजेच्या मोटारीला अशी जाणीव नसते. हत्यार अडकले तरी ती फिरतच राहते. हाताच्या लेथवरची सवय विजेच्या लेथवर जशीच्या तशी नेल्यास अपघात होतो, याचे मूळ या फरकात आहे.

दुसरा फरक वस्तूच्या आकाराचा आहे. लाटणे किंवा पलंगाचा खूर दोन टोकांच्या मध्ये धरला जातो आणि त्याचे तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात. वाडगे अखेरीस एकाच बाजूने धरावे लागते, कारण दुसऱ्या बाजूने ते पोखरायचे असते. शिवाय वाडग्याच्या ठोकळ्यात तंतू आडवे असतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा आडवे तंतू व दोनदा तंतूंची टोके लागतात. भाकरीचे पीठ मळण्याची जुनी काठवट पुष्कळदा लेथवर न कातता वाकसाने कोरून काढली जाई.

## यंत्राचे भाग

बेड हा लेथचा आडवा पाया होय. त्याच्या डाव्या टोकाला हेडस्टॉक असतो. त्यात बेअरिंगवर फिरणारा स्पिंडल असून मोटारीची गती पट्ट्याने त्याला मिळते. उजवीकडे सरकणारा टेलस्टॉक असतो व त्याच्या टोकदार केंद्राने ठोकळ्याला समोरून आधार मिळतो. केंद्र ठोकळ्याबरोबर फिरणारे असल्यास लाकूड जळत नाही. हत्यार ज्यावर टेकवतात त्याला टूल रेस्ट म्हणतात. ठोकळा स्पिंडलला जोडण्यासाठी फेसप्लेट, म्हणजे भोके असलेली लोखंडी तबकडी, किंवा चार जबड्यांचा चक वापरतात.

स्पिंडलच्या केंद्रापासून बेडपर्यंतचे अंतर हे त्या यंत्रावर बसणाऱ्या वस्तूच्या त्रिज्येची कमाल मर्यादा ठरवते. हे अंतर १५० मिमी असेल तर ३०० मिमीहून मोठा ठोकळा बसत नाही. प्रत्यक्षात थोडी मोकळी जागा राखून त्याहून लहानच घेतात.

## यंत्राची मांडणी

### पाया व उंची

कच्चा ठोकळा पूर्ण गोल व समतोल नसतो. तो फिरू लागला की यंत्र हादरते. हलके यंत्र जमिनीवर सरकते, पट्टा उडतो आणि पकड सैल होते. म्हणून लेथचे पाय काँक्रीटच्या जमिनीत बोल्टने जखडतात. ते शक्य नसेल तर पायांच्या खालच्या भागात फळी टाकून तिच्यावर वाळूची पोती ठेवतात. वजन जितके खाली, तितकी स्थिरता अधिक. चारही पाय जमिनीला समान टेकले पाहिजेत. एक पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळताना बेड पिळला जातो व दोन्ही केंद्रे एका रेषेत राहत नाहीत. हेडस्टॉक व टेलस्टॉकची टोके एकमेकांना भिडवून पाहिली की हा दोष लगेच दिसतो.

स्पिंडलचे केंद्र साधारणपणे कारागिराच्या कोपराच्या उंचीवर असावे. यंत्र बुटके असेल तर कारागीर वाकतो व त्याचा चेहरा फिरत्या ठोकळ्याच्या समोर येतो. यंत्र फार उंच असेल तर खांदे उचलावे लागतात व हत्यारावरील ताबा सुटतो.

### जागा व प्रकाश

ठोकळा निसटला तर तो मुख्यतः त्याच्या फिरण्याच्या प्रतलात उडतो. या प्रतलात कोणीही उभे राहू नये, तेथे दार, खिडकीची काच किंवा जाण्यायेण्याची वाट नसावी. घराच्या पडवीत लेथ मांडल्यास मुलांचा वावर त्या रेषेत होणार नाही हे पाहावे लागते. गुळगुळीत फरशीवर लाकडाच्या सालप्यांवरून पाय घसरतो. उभे राहण्याच्या जागी रबरी चटई घालणे आणि सालपा अधूनमधून झाडून काढणे हे त्यावरचे उपाय आहेत.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे होतात व तितक्याच वेळात १०० जबडे एका जागेवरून जातात. अशा प्रकाशात फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो. म्हणून यंत्राजवळ दिवसाचा उजेड किंवा न लुकलुकणारा दुसरा दिवा आवश्यक असतो.

### वीजजोडणी

यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग असावे व जोडणीत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. पावसाळ्यात ओलसर जमिनीवर काम करताना याला विशेष महत्त्व येते. बंद करण्याचे बटण ठळक लाल व ठोकळ्याच्या प्रतलाबाहेर असावे. ते बंद करण्यासाठी फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागू नये.

ग्रामीण भागात वीज मध्येच जाते. साधा स्विच असेल तर वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होते आणि तेव्हा कारागिराचा हात चकवर असू शकतो. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर वीज जाताच सुटतो व पुन्हा बटण दाबल्याशिवाय जुळत नाही. पाण्याच्या पंपासाठी मिळणाऱ्या स्टार्टरमध्येही ही सोय असते. मोटारीच्या क्षमतेला योग्य स्टार्टर वीजतंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. वीज गेली की स्विच बंद करण्याची सवय त्यानंतरही मोडू नये.

## वेग

वाडग्याच्या काठाचा वेग व्यास आणि फेरे या दोहोंवर अवलंबून असतो. ३०० मिमी व्यासाचा ठोकळा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरला तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे १५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने जातो. फेरे दुप्पट केले तर ठोकळ्यातील ऊर्जा चौपट होते. असमतोलामुळे येणारा हिसकाही त्याच प्रमाणात वाढतो. केंद्रापासून १२० मिमी अंतरावर १०० ग्रॅम लाकूड एका बाजूला जास्त असेल, तर ५०० फेऱ्यांना सुमारे ३.४ किलोग्रॅम वजनाइतका व १००० फेऱ्यांना सुमारे १३.४ किलोग्रॅम वजनाइतका ओढा स्पिंडलवर पडतो. हा ओढा प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत असतो.

वेग ठरवण्याचा प्रचलित ठोकताळा असा : मिलिमीटरमधील व्यास व मिनिटातील फेरे यांचा गुणाकार १,५०,००० ते २,२५,००० या मर्यादेत ठेवावा. त्यानुसार पुढील वेग येतात.

- १५० मिमी व्यास : १००० ते १५०० फेरे
- २०० मिमी व्यास : ७५० ते ११०० फेरे
- २५० मिमी व्यास : ६०० ते ९०० फेरे
- ३०० मिमी व्यास : ५०० ते ७५० फेरे
- ४०० मिमी व्यास : ३७५ ते ५६० फेरे

या मर्यादा गोल व समतोल झालेल्या, निर्दोष ठोकळ्यासाठी आहेत. ओबडधोबड ठोकळा यंत्राच्या सर्वांत कमी वेगावर सुरू करतात आणि तो गोल होत जाईल तसा वेग वाढवतात. यंत्र हादरू लागले तर वेग कमी करावा.

स्थानिक कारखान्यात जुळवलेल्या लेथवर मोटारीचा वेग आधी पाहावा लागतो. चार ध्रुवांची सामान्य मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. मोटारीवर ५० मिमी व स्पिंडलवर १५० मिमी व्यासाची कप्पी बसवली तर स्पिंडलचा वेग त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४८० फेरे होतो. दोन्ही कप्प्या सारख्या असतील तर स्पिंडल १४४० फेऱ्यांनी फिरेल. तो वेग मोठ्या कच्च्या ठोकळ्यासाठी धोकादायक आहे. पट्टा एका कप्पीवरून दुसऱ्या कप्पीवर घेताना प्लग काढून ठेवणे आवश्यक असते. पट्टा व कप्प्यांवर जाळीचे झाकण असावे.

## लाकडाची निवड

वाडग्यासाठी ओंडका मध्यातून उभा चिरून गाभ्याचा बिंदू काढून टाकतात, कारण वाळताना भेगा तेथूनच पसरतात. ठोकळ्याची पाहणी डोळ्यांनी व कानांनी करतात. भेग, सुटी गाठ, लाकडात शिरलेली साल, किडीची पोखरण, खिळा किंवा तार यांपैकी काही आढळल्यास तो ठोकळा वापरू नये. बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने ठोकल्यावर निर्दोष लाकूड खणखणीत वाजते. आतून तडकलेल्या लाकडाचा आवाज बद्द येतो.

चंद्रपूर–गडचिरोली भागातील काही जातींचे गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत.

- सागवान : तेलकट, टिकाऊ व वाळताना कमी आक्रसणारे. त्यातील सिलिकेमुळे हत्याराची धार लवकर जाते. धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते.
- शिवण : हलके, फिकट व आकार टिकवणारे. शिकाऊ कारागिराला सोयीचे.
- हळदू (हेदू) : पिवळसर व बारीक पोताचे. कातल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत येतो.
- कळंब : बारीक पोताचे व कातकामास चांगले.
- बिजा : जड व टिकाऊ. याच्या कातीव पेल्यात पाणी ठेवल्यास ते तपकिरी होते व त्यावर निळसर झाक दिसते. मधुमेहावर म्हणून असे पेले विकले जातात, परंतु ते वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत.
- शिसम : गडद, जड व शोभिवंत. याची धूळ त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास देऊ शकते.
- धावडा व ऐन : अतिशय कठीण व जड. धावड्याचे लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी वापरतात. ठोकळा जड असल्याने पकड व वेग यांविषयी अधिक दक्षता लागते.
- भेरा : पिवळसर चकाकीचे सुंदर लाकूड. धुळीने त्वचादाह होत असल्याचे ज्ञात आहे.
- शिरीष : धुळीने शिंका येतात व नाक-घसा चुरचुरतो.

बिब्याच्या झाडाचा रस अंगावर फोड आणतो व कुचल्याचे झाड विषारी आहे. या दोन्ही जातींचे लाकूड वाडग्यांसाठी निषिद्ध मानावे.

ओले लाकूड सहज कातले जाते, पण वाळताना वाकते. वार्षिक वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुपटीने आक्रसते, म्हणून ओले कातलेले गोल वाडगे वाळल्यावर लंबगोल होते. यावर उपाय म्हणून वाडगे आधी जाड कातून ठेवतात. भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवतात, म्हणजे २५० मिमी वाडग्यास २५ मिमी. काठावर व जेथे तंतूंची टोके उघडी पडतात तेथे मेण लावून ते सावलीत काही महिने वाळवतात व नंतर पुन्हा कातून अंतिम आकार देतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. अशा दिवसांत उघड्यावर ठेवलेला ओला ठोकळा थोड्याच दिवसांत तडकतो. सालपांनी भरलेल्या पोत्यात किंवा कागदी पिशवीत ठेवल्यास वाळण्याची गती मंदावते.

## ठोकळ्याची पकड

यंत्रावर बसवण्यापूर्वी ठोकळ्याचे कोपरे करवतीने किंवा वाकसाने काढून तो शक्य तितका गोल करतात. चौकोनी ठोकळा फिरताना त्याचे कोपरे दिसत नाहीत, परंतु हाताला व हत्याराला आधी तेच लागतात.

फेसप्लेट सपाट रंधलेल्या पृष्ठभागावर बसवतात. त्यासाठी जाड पोलादी लाकूड-स्क्रू वापरावेत व ते निर्दोष लाकडात किमान २० ते २५ मिमी शिरावेत. प्लास्टरबोर्डसाठी मिळणारे काळे बारीक स्क्रू ठिसूळ असतात व आडव्या हिसक्याने तुटतात. फेसप्लेटची सर्व भोके वापरली पाहिजेत.

वाडग्याचा बाहेरचा आकार कातताना त्याच्या बुडाशी चकसाठी एक गोल खुंट ठेवतात. खुंटाचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून कमी नसावा. खुंटाचा आकार जबड्यांच्या उताराशी जुळावा व खुंटाभोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडाशी पूर्ण टेकावा. खुंटाचे टोक मात्र चकच्या तळाला लागू नये. ते लागले तर खांदा टेकत नाही, ठोकळा केवळ जबड्यांच्या चिमटीवर राहतो व पहिल्याच झटक्याला निसटतो. खुंटाऐवजी बुडात खाच पाडून जबडे आतून फाकवण्याची पद्धतही आहे, परंतु फाकणाऱ्या जबड्यांनी लाकूड चिरण्याचा संभव असतो.

टेलस्टॉकचा आधार शक्य तितका वेळ काढू नये. बाहेरचा पूर्ण आकार व आतील बराचसा भाग त्याच्या आधारानेच कातता येतो. ओल्या लाकडावरील पकड काम चालू असताना सैल होते, म्हणून यंत्र थांबवून चक अधूनमधून पुन्हा आवळावा लागतो.

## सुरू करण्यापूर्वीची पाहणी

१. चकची किल्ली काढून ठरलेल्या जागी ठेवली आहे.
२. ठोकळा, टेलस्टॉक व टूल रेस्ट यांच्या सर्व पकडी आवळल्या आहेत.
३. ठोकळा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून तो कोठेही अडत नाही हे पाहिले आहे.
४. टूल रेस्ट व लाकूड यांत सुमारे ५ ते ६ मिमी अंतर आहे.
५. वेग सर्वांत कमी ठेवला आहे.
६. बेडवर सुटी हत्यारे नाहीत.
७. चेहऱ्यावर पूर्ण ढाल आहे व अंगावर काही लोंबत नाही.
८. कारागीर ठोकळ्याच्या प्रतलाच्या बाजूला उभा आहे व त्या रेषेत दुसरे कोणी नाही.

यंत्र सुरू केल्यावर काही क्षण बाजूलाच उभे राहून आवाज ऐकतात. ठराविक लयीतील ठकठक हे सैल पकडीचे किंवा भेगेचे लक्षण असते. कातताना आवाज अचानक बदलला तर यंत्र थांबवून कारण शोधले पाहिजे.

## हत्यारे व कातण्याची रीत

वाडग्यासाठी बाउल गाउज, म्हणजे खोल नाळीची व जाड दांडीची गोल पटाशी वापरतात. दांडे व खूर गोल करण्यासाठी असलेली रुंद रफिंग गाउज वाडग्यावर कधीही वापरू नये. तिचे मुठीत शिरणारे शेपूट बारीक असते व आडव्या तंतूंच्या झटक्याने ते तुटते. मोडलेल्या कानसीपासून घरी केलेली हत्यारेही याच कारणाने धोक्याची आहेत, कारण कानसीचे पोलाद कठीण असले तरी ठिसूळ असते.

हत्यार लावण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम हत्यार टूल रेस्टवर टेकवावे, मग त्याच्या धारेमागील उतार फिरत्या लाकडाला हलकेच लावावा आणि त्यानंतर मूठ किंचित उचलून किंवा वळवून धार कापू द्यावी. रेस्टवर टेकण्याआधी हत्यार लाकडाला लागले तर ते खाली आपटते व बोटे रेस्टखाली चिरडू शकतात. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे व आतून कातताना काठाकडून मध्याकडे जावे. या दिशेने तंतूंना मागून आधार मिळतो व लाकूड फाटत नाही.

टूल रेस्ट जवळ ठेवण्यामागे तरफेचे तत्त्व आहे. हत्याराचे टोक रेस्टपुढे २० मिमी व मूठ रेस्टमागे ४०० मिमी असेल तर हाताला वीसपट लाभ मिळतो. टोक १०० मिमी पुढे गेले तर तो लाभ चौपटीवर येतो. वाडगे आतून खोल होत जाते तसे रेस्टही आत सरकवावे लागते. प्रत्येक वेळी यंत्र पूर्ण थांबवूनच ते सरकवतात.

खरवडीने, म्हणजे स्क्रेपरने, पृष्ठभाग साफ करताना मूठ किंचित वर व धार किंचित खाली ठेवतात. वाडग्याच्या आत खरवडीची धार केंद्राच्या रेषेत किंवा किंचित वर असावी. मग ती खाली खेचली गेली तरी लाकडात न रुतता मोकळ्या जागेत जाते. बोथट हत्यारावर जोर द्यावा लागतो व जोर दिल्यानेच ते अडकते. त्यामुळे वारंवार धार लावणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

## पोशाख, धूळ व आग

साधा चष्मा डोळे वाचवतो, चेहरा वाचवत नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंतची पारदर्शक ढाल आवश्यक असते. विदर्भात उन्हापासून बचावासाठी डोक्या-गळ्याभोवती गुंडाळला जाणारा दुपट्टा, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र, अंगठी, मनगटावरील गंडा-दोरा व लांब बाह्या हे सर्व यंत्रापाशी जाण्यापूर्वी काढावे किंवा घट्ट बांधावे. हातमोजे घालू नयेत. मोज्याचा धागा अडकला तर बोटासह हात ओढला जातो.

घासकागदाने घासताना टूल रेस्ट काढून ठेवतात, कागद वाडग्याच्या खालच्या भागावर धरतात व तो बोटाभोवती गुंडाळत नाहीत. पॉलिश लावण्यासाठी फडक्याऐवजी टिपकागद वापरावा, कारण तो अडकल्यास फाटून सुटतो. याच टप्प्यावर सर्वांत बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवास कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केला. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही. एन-९५ दर्जाचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, खेळती हवा व शक्य असल्यास धूळशोषक यंत्र यांची आवश्यकता असते.

वाडग्यांना लावले जाणारे जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते व या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. सालपांच्या ढिगाजवळ व उन्हाळ्यात हा धोका वाढतो. अशी फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत. खाण्याच्या भांड्यांना लावलेले तेल पूर्ण वाळल्याशिवाय ती वापरू नयेत.

## अपघात व प्रथमोपचार

डोळ्यात कण रुतल्यास डोळा चोळू नये व रुतलेला कण उपटू नये. डोळ्यावर दाब न देता आच्छादन घालून रुग्णालयात जावे. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे व धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. बोट तुटल्यास तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फाला लागू देऊ नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

सिरोंचासारख्या तालुक्यापासून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय जवळपास २०० किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात भामरागड परिसरातील रस्ते पुरामुळे बंद पडतात. तुटलेले बोट जोडण्याची शस्त्रक्रिया काही तासांतच करावी लागते, त्यामुळे या भागातील कारागिराच्या दृष्टीने अपघात टाळणे हाच खरा उपचार ठरतो. एकट्याने काम करताना घरातील कोणाला तरी त्याची कल्पना द्यावी. त्या व्यक्तीला यंत्र बंद करण्याचे बटण ठाऊक असावे.

## कायदेशीर बाजू

भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वनातील लाकूड हे वनोपज असून त्याच्या वाहतुकीस परवाना लागतो. खाजगी जमिनीवरील ठराविक जातींची झाडे तोडण्यासाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. वनहक्क अधिनियम, २००६ मधील गौण वनोपजात बांबू व तेंदूपत्ता येतो, मात्र इमारती लाकूड येत नाही. कातकामासाठी वन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या आगारातील लिलावातून, अथवा परवानाधारक आरागिरणीतून पावतीसह लाकूड घेणे हा वैध मार्ग आहे. वाडग्यांना लागणारे ठोकळे लहान असल्याने आरागिरणीत उरलेल्या तुकड्यांचाही उपयोग होतो. शिसमाची प्रजाती २०१७ पासून वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारातील दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे शिसमाच्या वस्तू परदेशी पाठवण्यापूर्वी लागू असलेले नियम तपासावे लागतात.

## हेही पहा

- सुतारकाम
- लेथ
- सावंतवाडीची लाकडी खेळणी
- सागवान
- गडचिरोली जिल्हा